अंगणापासून कुरणापर्यंत : बोर्डी-कोसबाडचा शिक्षणप्रयोग

'अंगणवाडी' हा शब्द आज आपल्या भाषेत इतका मुरला आहे, की तो कोणी तरी, कुठे तरी, एका अडचणीतून वाट काढताना रूढ केला असेल हे आपल्या ध्यानातही येत नाही. हिंदीने तो घेतला, सरकारी कागदपत्रांनी घेतला, आणि आज देशात सुमारे १४ लाख केंद्रे त्या नावाने ओळखली जातात. या शब्दाचे जन्मस्थान आजच्या पालघर जिल्ह्यात आहे.

पालघरहून गुजरातच्या दिशेने गाडीने निघाले की बोईसर लागते. अणुवीज केंद्र आणि कारखान्यांची वसाहत यांमुळे बोईसर-तारापूर हे नाव देशभर पोचले. तारापूरची वीज १९६९ साली वाहू लागली. त्याच मार्गावर पुढे वाणगाव, डहाणू रोड आणि मग घोलवड येते. घोलवडच्या एका बाजूला समुद्राकाठचे बोर्डी गाव आहे आणि दुसऱ्या बाजूला कोसबाडची टेकडी. तारापूरच्या आधी जवळजवळ पाव शतक येथे एक वेगळा प्रयोग सुरू झाला. त्याला अणुभट्टी लागली नाही, पण प्रयोग या शब्दाला साजेशी शिस्त मात्र त्यात होती. आधी अंदाज बांधायचा, तो करून पाहायचा, चुकला तर का चुकला ते शोधायचे आणि नवा अंदाज बांधायचा. प्रश्न एकच होता : गरीब वस्तीतले मूल शाळेत का येत नाही?

१९४५ चा डहाणू भाग

प्रयोग समजून घ्यायचा तर त्याची जमीन आधी पाहायला हवी. त्या वेळी हा सारा प्रदेश ठाणे जिल्ह्यात होता. (पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला.) किनाऱ्याच्या पट्ट्यात बागायती गावे होती आणि आत डोंगराकडे वारली, कोकणा, दुबळा, धोडिया यांचे पाडे. आदिवासींच्या जमिनी सावकार-जमीनदारांच्या हाती गेल्या होत्या. लग्नासाठी घेतलेले कर्ज फेडण्यासाठी नवराबायकोने मालकाकडे राबत राहायचे, अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. वेठबिगार नित्याची होती. मुंबई सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या अहवालात या स्थितीची नोंद केली. १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात त्याची हकिकत सांगितली आहे.

ज्या वर्षी उठाव झाला, त्याच वर्षी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. ही दोन कामे वेगळ्या माणसांची आणि वेगळ्या मार्गांची होती. पण दोन्हींसमोरचे वास्तव एकच होते. आईबाप दिवसभर गवत कापायला, जंगलतोडीला किंवा मालकाच्या शेतावर गेलेले. घरी मागे राहायची ती मुले, आणि त्यांनाही कामे वाटून दिलेली. सात-आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे आणि मुलगा गुरांमागे रानात जाई. शाळेची घंटा ज्या वेळी वाजे, नेमक्या त्याच वेळी हे मूल कामावर असे.

मॉन्टेसरीची साधने आणि त्यांची किंमत

केंद्र सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक (१८९२-१९७३) या बालशिक्षणात नवख्या नव्हत्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर असलेल्या ताराबाई १९२० च्या दशकात भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करू लागल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे मुंबईत दादरला त्यांनी १९३६ मध्ये शिशुविहार उभा केला. बोर्डीला आल्या तेव्हा त्यांचे वय ५३ होते. शहरात नाव झाले होते, संस्था स्थिरावली होती. तरीही त्यांना एक गोष्ट खटकत होती. ही पद्धत ज्यांच्या दारात जात होती ती घरे मुख्यतः सुस्थित मध्यमवर्गाची होती.

यात एक गंमत आहे, आणि शिक्षकांनी ती लक्षात ठेवावी अशी आहे. मारिया मॉन्टेसरी यांनी आपले पहिले बालगृह १९०७ साली उघडले ते रोमच्या सान लोरेन्झो या मजूर वस्तीत. आईबाप कामावर गेल्यावर मोकाट राहणाऱ्या मुलांसाठी ते होते. म्हणजे पद्धतीचा जन्म गरिबांच्या चाळीतला. पण तिची घोटीव, मोजून-मापून केलेली लाकडी साधने महाग पडू लागली आणि पद्धत हळूहळू पैसेवाल्यांच्या घरी गेली.

साधने तशी का होती, हेही पाहू या. लाकडी ठोकळ्यात वेगवेगळ्या व्यासांची भोके आणि त्यांत बसणारे दट्टे, हे एक प्रसिद्ध साधन. मुलाने एक दट्टा चुकीच्या भोकात घातला तर शेवटी एक तरी दट्टा बसतच नाही. चूक झाल्याचे साधनच सांगते, बाईंना सांगावे लागत नाही. दुसरी गोष्ट अशी, की एका साधनात एकच गुण बदलतो : जाडी बदलत असेल तर रंग बदलत नाही. त्यामुळे मुलाचे लक्ष त्या एका गुणावर राहते. साधनाचे मोल या दोन गुणांत आहे. लाकूड कोणते आणि रंग कोणता, हे दुय्यम आहे. हा भेद कळला की स्वस्त साधनांचा रस्ता मोकळा होतो.

पहिला अंदाज आणि त्याचे चुकणे

ताराबाईंना बोर्डीत सहकारी मिळाल्या त्या अनुताई वाघ (१९१०-१९९२). तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, मग शिक्षिकेचे प्रशिक्षण, पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी आणि ती करता करता मॅट्रिक, असा त्यांचा प्रवास. बी. ए. त्या १९६१ साली, पन्नाशी ओलांडल्यावर झाल्या. ज्या बाईला स्वतःचे शिक्षण वेळापत्रकाबाहेर मिळवावे लागले, तिला वेळापत्रकात न बसणारी मुले कळावीत, यात नवल नाही.

पहिला अंदाज साधा होता : गावात चांगली बालवाडी उघडली की मुले येतील. बालवाडी उघडली. मुले आलीही, पण ती गावातली. त्या काळी हरिजनवाडा म्हटल्या जाणाऱ्या वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची मुले आली नाहीत. कारणे अनेक होती. अंतर होते. अस्पृश्यतेचा इतिहास होता, आणि गावात निर्धास्तपणे शिरायचे नाही हे मुलांनाही ठाऊक होते. अंगावर धड कपडा नव्हता. घरात 'मुलाला तयार करून वेळेवर पाठवणारे' माणूस नव्हते.

अशा वेळी सर्वसाधारण निष्कर्ष काय निघतो? 'या लोकांना शिक्षणाची आवडच नाही.' हा निष्कर्ष आजही शिक्षकखोल्यांत ऐकू येतो. ताराबाई-अनुतार्इंनी तो काढला नाही. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, हा त्यांचा दुसरा अंदाज. त्यांनी वस्तीतल्याच एखाद्या अंगणात बालवाडी भरवायला सुरुवात केली. हीच अंगणवाडी.

अंगण निवडण्यात काय साधले, ते सावकाश पाहण्यासारखे आहे. इमारतीचा खर्च वाचला, हा सर्वांत वरवरचा फायदा. खरा फायदा असा, की अंगण मुलाच्या ओळखीचे होते. तेथे त्याला परके वाटत नव्हते. परक्या होत्या त्या बाई. आई-आजी कामातून डोके वर काढून पाहू शकत होत्या. काय चालले आहे ते त्यांना दिसत होते, म्हणून विश्वास बसत होता. हातपाय धुणे, नखे कापणे, केस विंचरणे येथूनच शाळा सुरू होई. पुढे गाणी, गोष्टी, खेळ आणि खाऊ. मुलाची स्वच्छता आईच्या देखत होई, आणि ते आईसाठीही शिक्षण ठरे. पोटात काही नसलेले मूल शिकत नाही, हेही येथे रोज डोळ्यांसमोर होते. त्यामुळे आहार, आरोग्य आणि शिक्षण या तीन गोष्टी वेगळ्या खात्यांत विभागल्या गेल्या नाहीत.

गुंजा, शिंपले आणि कळकाच्या कांड्या

साधनांसाठी परिसराकडे पाहिले गेले. समुद्रकाठी शंख-शिंपले होते. रानात बिया, पाने, फुले, खडे आणि माती. आज 'परिसरातील साहित्य' हा आपल्या प्रशिक्षणवर्गांतला घासून गुळगुळीत झालेला शब्द आहे. त्यामुळे त्यामागचा विचार हरवण्याची भीती असते. टोपलीभर शिंपले म्हणजे आपोआप शैक्षणिक साधन नव्हे. वर सांगितलेले दोन गुण त्यात आणावे लागतात.

एक उदाहरण घेऊ या. कळकाच्या पोकळ कांड्या सारख्या लांबीच्या, पण एकात एक जेमतेम बसतील अशा जाडीच्या कापा. मुलाने मधली एक वगळून बारीक कांडी थेट मोठ्या कांडीत घातली, तर वगळलेली कांडी शेवटी बाहेर उरते. म्हणजे लाकडी दट्ट्यांप्रमाणेच येथेही चूक साधनच दाखवते. गुंजा, चिंचोके आणि सागरगोटे यांचे मात्र तसे होत नाही. त्यांचा उपयोग वर्गीकरणासाठी, मोजण्यासाठी आणि स्पर्शाने ओळखण्यासाठी. मात्र चूक दाखवायला तेथे बाई किंवा सोबतचे मूल लागते. कोणते साधन एकट्या मुलाच्या हाती द्यावे आणि कोणते गटात वापरावे, हे या फरकावरून ठरते. शाळेत हे करून पाहण्यासारखे आहे. (लहान मुले बिया नाकात-तोंडात घालतात आणि गुंज विषारी असते, म्हणून अगदी लहानांच्या हाती गुंजा देऊ नयेत.)

कोसबाड : ताई आणि तिच्या कडेवरचे भावंड

१९५७ साली केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या जवळ गेले. ताराबाई आता ६५ वर्षांच्या होत्या. येथे प्रश्नाचे दुसरे टोक हाती आले. बालवाडीत रमलेले मूल पुढे प्राथमिक शाळेत टिकत नव्हते. सहा-सात वर्षांचे झाले की ते घरच्या कामाचे होई : मुलगी भावंडांसाठी, मुलगा गुरांसाठी.

येथे कोसबाडने जे उत्तर काढले ते आम्हाला या सगळ्या कामातले सर्वांत मोलाचे वाटते. मुलीने भावंड घरी ठेवून यावे, असे सांगून उपयोग नव्हता. घरी सांभाळायला कोणी नव्हतेच. मग भावंडालाही घेऊन ये, असे सांगितले गेले. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. या रचनेला नाव दिले 'विकासवाडी'. तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि ताई वर्गात. ताईचे लक्ष लागेना तर ती मधून उठून भावंडाला पाहून येऊ शकत होती.

पाळणाघराकडे आपण एरवी नोकरदार आईची सोय म्हणून पाहतो. कोसबाडला ते मोठ्या बहिणीच्या शिक्षणाचे साधन झाले. एका पाळण्यामुळे दोन मुले शाळेत आली. शिवाय मोठ्या मुली लहानांबरोबर वावरताना बालसंगोपन शिकत, तेही पुस्तकातून नव्हे.

गुराख्यांसाठी हाच तर्क पुढे नेला गेला. गुरे सोडून मुलगा येणार नाही, कारण गुरे हरवली किंवा कोणाच्या शेतात शिरली तर त्याचा भार त्याच्या घरावर पडणार. तेव्हा शाळाच कुरणात न्यायची. तिचे नाव 'कुरणशाळा'. गुरे चरतात त्या माळावर, झाडाच्या सावलीत शिक्षकाने जायचे. पाने, दगड, पक्षी, गवताच्या जाती हा तेथला फळा आणि तेच तेथले पुस्तक. दिवसा मुळीच न सुटणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग होते.

आता सगळे टप्पे ओळीने मांडून पाहा. अंतर आडवे आले तेव्हा जागा बदलली. खर्च आडवा आला तेव्हा साधने बदलली. भावंड आडवे आले तेव्हा शाळेची रचना बदलली, आणि गुरे आडवी आली तेव्हा वेळ आणि जागा दोन्ही बदलल्या. प्रत्येक वेळी बदल शाळेत झाला. मुलाने आधी बदलावे, अशी अट कोठेही घातली गेली नाही.

काय वाटून घेतले, काय नाही

गरीब समाजाकडे पैसा नसला तरी सामाईक असे बरेच काही असते. अंगण, सावली, कुरण, मोठी भावंडे, गाणी आणि गोष्टी, हातची कारागिरी. बोर्डी-कोसबाडने हे सारे शाळेच्या कामी लावले. पण एक गोष्ट त्यांनी पातळ केली नाही, ती म्हणजे शिक्षिका. अंगण फुकटचे होते, शिंपले फुकटचे होते, पण अंगणात बसणारी बाई प्रशिक्षित होती. ताराबाईंनी केंद्राबरोबर शिक्षिकांचे प्रशिक्षणही चालवले ते याचसाठी.

हा फरक न पाळल्यास काय होते, याचे एक जुने उदाहरण आहे आणि त्याचे एक टोक भारतातच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथाश्रमाचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी तेथल्या देशी शाळेत मुलांना वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना पाहिले. आपल्याकडची धूळपाटी ती हीच. वाळूचे लेखन आणि मोठ्या मुलांनी लहानांना शिकवणे, या दोन गोष्टी त्यांनी आपल्या आश्रमात वापरल्या आणि १७९७ साली त्यावर पुस्तिका लिहिली. लंडनमध्ये जोसेफ लँकॅस्टर यांनीही मुलांकडूनच मुलांना शिकवण्याची शाळा चालवली. पद्धत फार स्वस्त होती, म्हणून ती पसरली. पण शेकडो मुलांमागे एकच शिक्षक, बाकी सारे 'मॉनिटर' असे तिचे रूप झाले. घोकंपट्टी आणि कवायत उरली, शिकणे आटले. वाळू स्वस्त होती हे ठीकच. शिक्षकही वाचवता येतो असे मानले गेले, तेथे घात झाला.

टेकडीवरून देशभर

लहान मुलांच्या विकासाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने मीना स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला होता. त्याने १९७२ मध्ये अहवाल दिला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, आहार-आरोग्य शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा एकाच छताखाली आल्या. आहार, आरोग्य आणि शिक्षण एकत्र हवे, हा बोर्डीच्या अंगणातला अनुभव देशाच्या पातळीवर मान्य झाला, असे म्हणता येईल. ताराबाई मात्र हे पाहायला नव्हत्या; १९७३ साली त्या गेल्या. अनुताई १९९२ पर्यंत, अखेरपर्यंत कोसबाडच्या कामातच राहिल्या.

शब्द देशभर गेला. त्याच्याबरोबर काय गेले आणि काय मागे राहिले? खाऊ गेला, वजनकाटा गेला, नोंदवह्या गेल्या. शिक्षिका मात्र पूर्णपणे गेली नाही. अंगणवाडी चालवणारी स्त्री सरकारी हिशेबात 'मानद' सेविका राहिली. तिला वेतन नव्हे, मानधन. सहा सेवा आणि त्यांच्या नोंदी एकटीने सांभाळताना शाळापूर्व शिक्षणाला वेळ उरेल तेवढा उरणार. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांचा ग्रॅच्युइटीवरील हक्क मान्य केला. योजना सुरू होऊन ४६ वर्षे लोटल्यावर हे घडले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ हा वयोगट शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला. हे स्वागतार्ह आहे. पण पाया घालणाऱ्या व्यक्तीला शिक्षिका मानायचे की नाही, हा प्रश्न त्यामुळे अधिकच ठळक झाला आहे.

आजचे अंगण, आजचे कुरण

आज पालघर जिल्ह्यातले गुराखी मूल हे या प्रश्नाचे एकमेव रूप राहिलेले नाही. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडची कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. मूल दोन गावांच्या हजेरीपटांत अर्धे-अर्धे राहते, म्हणजे बहुधा कोठेच राहत नाही. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांभोवतीच्या वस्त्यांत दुसऱ्या राज्यांतून आलेली कुटुंबे राहतात. तेथल्या मुलाची घरची भाषा वेगळी, शाळेची वेगळी.

१९९० च्या दशकाच्या मध्यास विधायक संसद या संस्थेने वीटभट्टीवरच्या मुलांसाठी 'भोंगाशाळा' सुरू केल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची तात्पुरती झोपडी. शाळेने मूल जेथे आहे तेथे जायचे, हा कोसबाडचाच तर्क येथे पुन्हा दिसतो. १ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा कायदेशीर हक्क आहे. मात्र मूल दिवसातल्या कोणत्या तासाला कोठे असते, ते कायदा शोधून देत नाही. ते शिक्षकालाच शोधावे लागते.

म्हणून आपल्या वाचक शिक्षकांना आम्ही एक छोटा अभ्यास सुचवतो. वरिष्ठ वर्गांचे विद्यार्थीही तो करू शकतील. आपल्या शाळेत वारंवार गैरहजर राहणाऱ्या दहा मुलांची यादी करा. त्यांच्या घरी जाऊन प्रत्येकाचा दिवस तासातासाने लिहून काढा : शाळेच्या वेळात ते कोठे असते, काय करते, त्या कामावर घरातले कोण अवलंबून आहे. 'आळशी', 'निष्काळजी पालक' असे शेरे या तक्त्यात लिहायचे नाहीत, फक्त दिसलेल्या गोष्टी लिहायच्या. मग प्रत्येक नावापुढे लिहा, की शाळेची कोणती एक गोष्ट बदलली तर हे मूल येऊ शकेल : जागा, वेळ, साधन, भाषा की सोबतचे भावंड. दहांपैकी दोघांसाठी तरी तो बदल मुख्याध्यापक, अंगणवाडी सेविका आणि पालक यांनी मिळून करून पाहावा. महिनाभर हजेरी मोजावी. अंदाज चुकला तर दुसरा बांधावा.